करोनाचे केस पेपर रद्दीत जाऊ देऊ नका : आरोग्य विज्ञान विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि विद्वत्परिषदेचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
म्हसरूळ, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत दवाखाना चालवणारी फॅमिली डॉक्टर आहे. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत राबणारी कुटुंबं हे माझे रुग्ण. पत्र एका मागणीसाठी आहे, ती आधीच सांगते. २०२० ते २०२२ या काळातले करोनाच्या आंतररुग्णांचे केस पेपर, तपासण्यांचे अहवाल, ऑक्सिजनची रजिस्टरं आणि मृत्यूच्या कारणांची प्रमाणपत्रं विद्यापीठाशी संलग्न असलेल्या प्रत्येक कॉलेजच्या रुग्णालयात जपली जावीत, एकही गठ्ठा रद्दीत जाऊ नये, असं परिपत्रक आपण काढावं. आणि ते कागद वाचण्याचं काम आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना द्यावं.

घाई करण्याचं कारण नियमातच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवले की पुरतं. आपल्याकडची सगळ्यात भीषण लाट एप्रिल-मे २०२१ ची. म्हणजे मेडिकोलीगल (पोलीस-कोर्टाशी संबंध असलेल्या) केसेस सोडल्या तर बाकीच्या कागदांची मुदत २०२४ च्या उन्हाळ्यातच संपली. माझ्या एका रुग्णाला आता चढ चढताना धाप लागते. तेव्हा त्याचं फुप्फुस किती खराब झालं होतं हे पाहावं म्हणून, तो दाखल होता त्या रुग्णालयाकडे मी जुने कागद मागितले. "त्या वर्षाचे गठ्ठे काढून टाकले," असं उत्तर आलं. त्यांनी नियम मोडलेला नाही. म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

साथी आल्या की वैद्यकशास्त्र पुढे जातं, असं आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. साथ ओसरल्यावर ज्यांनी तिचे नमुने, कागद आणि आकडे टाकून दिले नाहीत, त्यांच्या हातून शास्त्र पुढे गेलं. बाकीच्या ठिकाणी माणसं गेली आणि मागे काही उरलं नाही.

१९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची (फ्लूची) साथ घ्या. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने खरा दणका दिला. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, माणसं अर्धपोटी होती. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या प्रांतांत आपला मुंबई इलाखा होता. हिंदुस्थानातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपासपासून दोन कोटींपर्यंत जातात. ते अंदाजच राहिले, कारण नोंद ठेवणारी गावोगावची यंत्रणाच आजारी पडली होती. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. विसाव्या शतकात असं दशक तेवढं एकच. आपल्या पणजोबा-पणजीच्या पिढीवर जे कोसळलं, त्याची आपल्याकडची सर्वात ठसठशीत नोंद म्हणजे जनगणनेतला हा एक आकडा.

त्या काळी बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी की हा रोग रिचर्ड फायफर यांनी १८९२ मध्ये शोधलेल्या जिवाणूमुळे होतो. त्याच्या लसीही निघाल्या. पण कुणाच्या घशात तो जिवाणू सापडे, कुणाच्या सापडत नसे, आणि ज्यांनी हे "सापडला नाही" प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, त्यांच्यामुळे शंका जिवंत राहिली. शेवटी १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी इंग्लंडमध्ये माणसाच्या घशातल्या गुळण्यांचं पाणी जिवाणू अडकतील अशा गाळणीतून गाळून फेरेट नावाच्या प्राण्यांच्या नाकात सोडलं. ते प्राणी शिंकू लागले. फ्लूचा विषाणू हाती आला. १९४५ मध्ये अमेरिकेत फ्लूच्या लशीला परवाना मिळाला, तो याच वाटेने.

या फायफरच्या जिवाणूची आणखी एक गोष्ट आहे. तो वेगळा काढून वाढवणं फार किचकट, कारण बशीत दुसरे जंतू माजतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पेनिसिलिनवरचा १९२९ चा मूळ शोधनिबंध काढून पाहा. त्याच्या शीर्षकातच म्हटलं आहे की या बुरशीचा रस इन्फ्लुएंझाचा मानला गेलेला जिवाणू वेगळा काढायला कामाला येतो! पेनिसिलिन बाकीच्या जंतूंना मारतं, याला सोडतं. ज्या औषधाने पुढे कोट्यवधी जीव वाचवले, त्याचा पहिला सुचवलेला उपयोग मानमोडीने मागे ठेवलेल्या एका प्रयोगशाळेतल्या अडचणीवर होता.

मला सगळ्यात जवळची वाटते ती फ्रेड ग्रिफिथ यांची हकीकत. विद्यापीठाने ती प्रत्येक एमबीबीएसच्या मुलाला सांगावी असं वाटतं. मानमोडीत माणूस बहुधा दगावे तो फ्लूपाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियाने. ग्रिफिथ लंडनमध्ये आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत न्यूमोनियाच्या जंतूंचे प्रकार लावत बसत. त्यांच्याकडे साध्यासुध्या रुग्णांच्या बेडक्याचे नमुने येत. कोणत्या गावचा रुग्ण, कोणत्या प्रकारचा जंतू, कोणत्या साली, हे ते वर्षानुवर्षं लिहीत राहिले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर कारकुनी काम. त्यातून १९२८ मध्ये त्यांना दिसलं ते त्यांचं त्यांनाच पटेना. उष्णतेने मारलेले जहाल जंतू आणि जिवंत पण निरुपद्रवी जंतू एकत्र करून उंदराला टोचले, तर उंदीर मरतो आणि त्याच्या रक्तात जिवंत जहाल जंतू सापडतात. मेलेल्याकडून जिवंताकडे काहीतरी गेलं होतं. काय गेलं, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅकलिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवून दिलं: डीएनए. आनुवंशिकतेचा कागद कोणत्या पदार्थावर लिहिलेला आहे, हे माणसाला न्यूमोनियाच्या बेडक्याच्या नोंदींतून कळलं. पुढची रेणूजीवशास्त्राची इमारत, अगदी कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांच्या २०२३ च्या नोबेलपर्यंत आणि करोनावरच्या आरएनए लशींपर्यंत, या पायावर उभी आहे. ग्रिफिथ १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात गेले. आपल्या वहीतून काय निघालं हे त्यांना कळलंच नाही.

आणि एक तुकडा. सप्टेंबर १९१८ मध्ये अमेरिकेतल्या एका लष्करी छावणीत एकवीस वर्षांचा एक शिपाई फ्लूने मेला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने त्याच्या फुप्फुसाचा छोटासा तुकडा मेणात बसवून लष्कराच्या नमुना-भांडारात पाठवला. तो तिथे पडून राहिला. १९९७ मध्ये जेफ्री टाउबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच तुकड्यातून १९१८ च्या विषाणूच्या जनुकांचे अंश वाचले आणि २००५ पर्यंत पूर्ण विषाणूची जनुकीय संहिता उभी राहिली. जपणाऱ्याला हे पुढे काय कामाला येईल याची कल्पनाही असणं शक्य नव्हतं. डीएनए हा शब्द त्याच्या गावी नव्हता. त्याने नियमाप्रमाणे लेबल लावलं आणि फळीवर ठेवलं, एवढंच.

हे सगळं परदेशातलं आहे असं कुणी म्हणेल, तर आपल्या दाराशी या. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला आणि काही काळात आपल्या जिल्ह्यातही पसरला. भगूरच्या सावरकर भावंडांचे वडील १८९९ मध्ये त्यातच गेले. त्याआधी मार्च १८९७ मध्ये पुण्यात रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. वाल्डेमार हाफकिन या जीवाणुशास्त्रज्ञाला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली आणि व्हरांडा मिळाला होता. तिथे त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही टोचणी सगळ्यांना ठाऊक असते. मला त्यांची वही जास्त मोलाची वाटते. १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंधेरा गावात त्यांनी घराघरातल्या माणसांचे दोन गट पाडले, एकाला लस दिली, दुसऱ्याला नाही, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा जाऊन मोजलं. टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ गेले होते, न टोचलेल्या ६४ पैकी २६. आजची नैतिक समिती असा प्रयोग या पद्धतीने करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण एकाच छपराखाली राहणाऱ्यांची तुलना करावी, म्हणजे घर, पाणी, उंदीर सगळं सारखं राहील, ही अक्कल १८९८ मधली आहे आणि ती आपल्या मातीत वापरली गेली आहे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर कोपनहेगनचा दाखला हवाच. १९५२ मध्ये तिथे पोलिओची अशी साथ आली की श्वास बंद पडलेल्या मुलांसाठी यंत्रं पुरेनात. दाखल होणाऱ्या श्वास अडलेल्या दहांपैकी आठ-नऊ जण मरत होते. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. त्यांनी मेलेल्या रुग्णांचे कागद आणि शवविच्छेदनं पाहिली आणि सांगितलं की रक्तात वाढलेलं बायकार्बोनेट हा काही वेगळा आजार नाही, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही म्हणून ते वाढलं आहे. गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. त्या पिशव्या पाळ्या लावून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी दाबल्या, साथ संपेपर्यंत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि त्या वॉर्डातून अतिदक्षता विभाग जन्माला आला. २०२१ मध्ये नाशिकमध्ये ज्या आयसीयूच्या बेडसाठी आपण रात्रभर फोन करत होतो, ती व्यवस्थाच एका साथीत, मेलेल्यांचे कागद वाचून निघालेली आहे.

आता करोनाकडे येते. ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची, करोनावरची औषधं तपासणारी चाचणी मार्च २०२० मध्ये आराखड्याचा पहिला मसुदा लिहिल्यापासून नऊ दिवसांत पहिल्या रुग्णापर्यंत पोहोचली. फॉर्म एका पानाचा. साध्या सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर रोजचं काम करत करत रुग्ण नोंदवत होते आणि कुणाला कोणतं औषध मिळणार हे संगणक ठरवत होता. जूनपर्यंत अकरा हजारांहून अधिक रुग्ण झाले. ५ जूनला कळलं की हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा उपयोग नाही. १६ जूनला कळलं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात, ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काहीच फायदा होत नाही. माझ्या दवाखान्याच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेलं, काही रुपयांचं औषध!

आणि एप्रिल २०२१ मध्ये आपण कुठे होतो? रेमडेसिविरच्या रांगेत. बायका मंगळसूत्र गहाण ठेवून त्या इंजेक्शनचे पैसे आणत होत्या. त्या औषधाने मृत्यू फारसे टळत नाहीत असा जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचा अंतरिम निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच आला होता. (पुढे काही रुग्णांत, लवकर दिल्यास, थोडा फायदा दिसला हेही खरं. पण रांगेतले नातेवाईक आणत होते ते बहुधा फार उशिरा.) दुसऱ्या बाजूला, ज्या डेक्सामेथासोनने मृत्यू टळतात तेच ऑक्सिजन चांगला असणाऱ्यांना पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून घरी सुरू झालं. त्यात मधुमेह. मग म्युकरमायकोसिस (काळी बुरशी), मग डोळा काढलेली, जबडा काढलेली माणसं. त्यातली काही आजही माझ्याकडे येतात.

आपल्याला असं शास्त्र जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) एप्रिल ते जुलै २०२० मध्ये, साथ भरात असताना, ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची, म्हणजे करोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवाची, चाचणी केली आणि प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत असं जगाला स्वच्छ सांगितलं. त्या चाचणीचा मला अभिमान आहे. आपल्याच देशात तिचं ऐकायला मे २०२१ उजाडला, ही वेदना वेगळी.

नाशिकच्या कागदांत काय दडलंय, असं मला विचाराल तर पुष्कळ आहे. तेव्हा नाक्यानाक्यावर लोक एकमेकांना "एचआरसीटी स्कोअर किती?" विचारायचे. छातीच्या स्कॅनवरून काढलेला तो स्कोअर आणि प्रत्यक्षात काय झालं, यांची गाठ घालून पाहायला हवी. पहिल्या तापापासून दाखल होण्यापर्यंत किती दिवस गेले? स्टिरॉइड कितव्या दिवशी, किती, आणि त्या दिवशी साखर किती होती? म्युकर झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या केस पेपरची जोडी लावली तर याचं उत्तर मिळतं. कारखान्यात शिफ्ट करणाऱ्याला आणि घरी बसून काम करणाऱ्याला सारखाच वेळ मिळाला का? मालेगावात २०२० च्या उन्हाळ्यात काय झालं आणि नंतर तिथली साथ का ओसरली, यावर काढ्यापासून प्रतिकारशक्तीपर्यंत सगळ्यांची मतं आहेत. विद्यापीठाने मालेगावचा अभ्यास मनावर घेतला होता, हे चांगलंच झालं. तसाच अभ्यास बाकीच्या जिल्ह्याचाही व्हावा.

आणि ऑक्सिजन. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. नाशिककराला अधिक सांगायला नको. चौकशी समिती नेमली गेली. पण टाकीचा दाब पडला की पहिल्या पाच मिनिटांत वॉर्डातल्या नर्सने, इंटर्नने, टेक्निशियनने काय करायचं, हे तुमच्या किती अभ्यासक्रमांत शिकवलं जातं? त्या लाटेतली प्रत्येक रुग्णालयाची ऑक्सिजनची रजिस्टरं मिळाली तर कोणत्या वेळी, किती रुग्णांना, मिनिटाला किती लिटर लागत होतं, हे कळेल. पुढचा प्लांट बांधणाऱ्या अभियंत्याला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही अशी ही माहिती आहे.

हे करण्याची ताकद आपल्या विद्यापीठाइतकी राज्यात कुणाकडे नाही. १९९८ पासून महाराष्ट्रातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची बहुतेक कॉलेजं तुमच्या छत्राखाली आहेत. प्रत्येक एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याला थिसिस लिहावाच लागतो आणि त्याचा सिनॉप्सिस (थोडक्यात आराखडा) तुमच्याकडे येतो. त्यातले कितीतरी थिसिस केवळ नियम म्हणून लिहिले जातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुढची दोन वर्षं मेडिसिन, भूलशास्त्र, श्वसनरोग, कान-नाक-घसा, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जनऔषधवैद्यक या विषयांतले काही थिसिस करोनाच्या कागदांसाठी राखून ठेवा. सगळ्यांनी एकच तक्ता भरावा, म्हणजे नाशिकची, धुळ्याची आणि नागपूरची माहिती एकत्र करता येईल. नावं, पत्ते, फोन काढून टाकावेत. ओळख काढून टाकलेल्या जुन्या कागदांचा अभ्यास नैतिक समितीच्या परवानगीने, प्रत्येकाची नव्याने संमती न घेता करता येतो, अशी वाट आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. कागदांना जागा लागते, ही रुग्णालयांची अडचण खरी आहे. त्यासाठी स्कॅनिंगचा खर्च विद्यापीठाने उचलावा, किंवा सरकारकडून मिळवावा.

खासगी रुग्णालयं तुमच्या अखत्यारीत येत नाहीत, हे मला कळतं. पण त्यांतले बहुतेक डॉक्टर तुमचेच विद्यार्थी आहेत. विद्यापीठाने विनंती केली तर त्यांतले पुष्कळ जण ऐकतील, आणि महापालिकेच्या आरोग्य विभागालाही सोबत घ्यावं.

दुसरं काम पुढचं आहे. रिकव्हरीसारख्या चाचणीचा एक पानी आराखडा आत्ताच, शांततेच्या काळात, नैतिक समितीकडून तत्त्वतः मंजूर करून ठेवा. औषधाच्या जागी कोरी ओळ ठेवा. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला देशभरातून माणसं येतील, ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात, एकमेकांना खेटून उभी राहतील. मला कुणाला घाबरवायचं नाही. पण तापाचे, जुलाबाचे, खोकल्याचे रुग्ण तात्पुरत्या दवाखान्यांत येणारच आहेत, आणि त्यांची नोंद कशी ठेवायची, नमुने कुठे साठवायचे, कुणी वाचायचे, हे पर्वणीच्या आदल्या आठवड्यात ठरवता येत नाही.

माझ्याकडे दवाखान्याची २०२० पासूनची ओपीडी रजिस्टरं आहेत. तारीख, वय, ताप कितव्या दिवसाचा, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन), कुठे पाठवलं आणि परत आले का, एवढं त्यात आहे. काही पानांवर सॅनिटायझर सांडून शाई फुटली आहे, बाकीचं वाचता येतं. सिडको, सातपूर आणि नाशिक रोडच्या माझ्या ओळखीच्या आणखी काही डॉक्टरांनीही आपली रजिस्टरं द्यायची तयारी दाखवली आहे. आपण परिपत्रक काढलंत आणि ती कुणाकडे सुपूर्त करायची हे कळवलंत, तर आम्ही ती दिंडोरी रोडवर स्वतः आणून देऊ.

आपली नम्र,
सिडको, नाशिक येथील एक फॅमिली डॉक्टर